बी विंगचा लाल रकाना

आमच्या घरात हिशेबाची वही कधीच नव्हती. सिमेंटचा डीलर दर दिवाळीला एक छोटी डायरी वाटायचा, ती आप्पांच्या शर्टाच्या खिशात असायची. तिच्यात नावं आणि नावांपुढे उभ्या रेघा. माणूस पूर्ण दिवस आला तर पूर्ण रेघ, दुपारनंतर आला तर अर्धी. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बसून आप्पा रेघा मोजायचे, उचल वजा करायचे आणि पगार वाटायचे. आई आतून चहा पाठवत राहायची.

आप्पा आधी गवंडी होते, मग मिस्त्री, मग ठेकेदार. तासगावच्या आजूबाजूला द्राक्षाचे पैसे हातात आले की बंगले निघायचे, आणि आप्पा ते फुटावर घ्यायचे, मटेरियलसकट. एका वेळी तीन-तीन कामं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, ह्यांचं जोरात चाललंय. प्रत्यक्षात तिसऱ्या बंगल्याच्या अ‍ॅडव्हान्समधून पहिल्याचा स्लॅब पडायचा, आणि दुसऱ्याच्या सळईचे पैसे चौथ्याकडून यायचे. एकाची टोपी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. अवकाळी पावसानं बागा झोडपल्या की मालकांचे हप्ते थांबायचे आणि सगळ्या टोप्या एकदम उडायच्या.

आई विचारायची, "नक्की कुठल्या कामात घाटा आला?"

आप्पा म्हणायचे, "हिशेब डोक्यात आहे."

डोक्यात होता तो देण्याघेण्याचा हिशेब. कुणाचे किती द्यायचे ते त्यांना तोंडपाठ होतं. पण अमक्या बंगल्याच्या प्लास्टरला किती दिवस लागायला हवे होते आणि किती लागले, हे डोक्यातही नव्हतं आणि डायरीतही. कोण आलं ते लिहिलेलं होतं. येऊन काय झालं ते नव्हतं.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मिक्सर विकला गेला. त्याआधी आईच्या पाटल्या गेल्या होत्या. सेंट्रिंगच्या प्लेटा सगळ्यात शेवटी गेल्या, कारण त्या विकल्या की ठेकेदारी संपली हे आप्पांना माहीत होतं. मग ते दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर म्हणून जायला लागले. शनिवारी ओट्यावर कुणी येईनासं झालं.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय एका एक्सेल शीटवर माझा इतका जीव का जडला ते कळणार नाही. पुण्यात एका बांधकाम कंपनीत मी बिलिंग इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा मला लेबर प्रॉडक्टिव्हिटीची शीट सांभाळायला दिली. बाकीच्यांना ते कटकटीचं काम वाटायचं. मला मात्र वाटलं, हेच ते औषध. हे आप्पांना वेळेवर मिळालं असतं तर आईच्या पाटल्या हातात असत्या.

शीट साधी होती. सकाळी हजेरी, संध्याकाळी मोजमाप. आज बी विंगला प्लास्टरचे 6 मिस्त्री आणि 12 बिगारी होते, त्यांनी इतके ब्रास काम केलं. एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. कामाला मिस्त्रीनं भागलं की दिवसाचा आउटपुट. त्याशेजारी बजेटचा आकडा. बजेटच्या वर असेल तर रकाना हिरवा, थोडा खाली असेल तर पिवळा, फारच खाली असेल तर लाल. आठवड्याला एक पान, महिन्याला हेड ऑफिसला एक रिपोर्ट.

बजेटचे आकडे हवेतून येत नाहीत. डिप्लोमाला आम्हाला बी. एन. दत्तांचं एस्टिमेटिंगचं पुस्तक होतं. सिव्हिलच्या पोरांना ते माहीत असेलच. त्यात एक गवंडी दिवसाला किती काम करतो याचा तक्ता आहे. इमारतीचं वीटकाम 1 घनमीटर, 12 मिलिमीटरचं प्लास्टर 8 चौरस मीटर. म्हणजे साधारण 86 चौरस फूट. परीक्षेसाठी हे पाठ करताना त्या गवंड्याचा चेहरा कधी डोळ्यापुढे आला नाही, घरात एक गवंडी असूनसुद्धा. आमच्या साइटवर एका मिस्त्रीमागे दोन बिगारी धरलेले असत, म्हणून बजेट थोडं चढं होतं: मिस्त्रीमागे दिवसाला एक ब्रास.

मला त्या शीटचा गर्व होता. सुपरवायझर न झालेलं बाथरूम झालं म्हणून लिहायचे, ते मी टेप घेऊन जाऊन पकडलं. एकच भिंत दोन बिलांत आलेली पकडली. तीन महिन्यांत प्लास्टरचं बिल आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसायला लागला. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "हे काम तू आधी का नाही घेतलंस?" त्या रात्री आप्पांना फोन करून मी हे वाक्य दोनदा सांगितलं.

साइट रावेतच्या पुढे होती. दोन विंग, 12-12 मजले. 2019 चा जानेवारी चालू होता. ए विंगला एक प्लास्टरची टोळी, बी विंगला दुसरी. बी विंगचे लोक निलंग्याकडचे. मुकादम पन्नाशीचा, टोळीत त्याची बायको, दोन भाऊ, भावजया, मेहुणे, गावातली पोरं. नवरा मिस्त्री, बायको बिगारी अशा जोड्या. लेकरं साइटच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत.

दोन्ही टोळ्यांना रेट एकच, चौरस फुटाला 18 रुपये. म्हणजे ब्रासला 1,800. त्यातून मिस्त्रीची हजेरी 800, दोन बिगारींची 500 प्रमाणे 1,000. दिवसाला बरोबर एक ब्रास झाला तर मुकादमाच्या हातात काही उरत नाही, पण अंगावरही येत नाही. त्याच्या वर गेला तर कमाई. याला उक्तं काम म्हणतात. कंपनीला उक्तं आवडतं, कारण कंपनीचा हिशेब तिथेच संपतो. काम झालं तेवढ्याचे पैसे. माणूस दिवसभर राबला का दिवसभर बसला, हा कंपनीचा प्रश्न उरत नाही.

ए विंग 1.05 ब्रास देत होती. बी विंग 0.6.

पहिल्या आठवड्यात मी रकाना लाल केला. दुसऱ्या आठवड्यात लाल. तिसऱ्या आठवड्यात मी बी विंगला जाऊन मुकादमाला विचारलं, "मामा, असं कसं? ए विंगची माणसं बघा."

तो म्हणाला, "ताई, रेती वर येऊ द्या की. मग बगा."

मी मान हलवली आणि खाली आले. वाईट हेतूनं नाही. शीटमध्ये ते लिहायला जागाच नव्हती. तारीख, विंग, मजला, मिस्त्री, बिगारी, ब्रास. 'रेती वर आली नाही' हे कुठे टाकणार? आणि खरं सांगायचं तर मला तो बहाणा वाटला. ज्याचं काम मागे पडतं तो काहीतरी कारण सांगतोच, हे मी घरी ऐकत मोठी झाले होते. आप्पांकडे कारणं चिक्कार असायची.

सात आठवडे लाल. मग हेड ऑफिसची मीटिंग. भिंतीवर माझीच शीट, प्रोजेक्टरमधून. साहेबांनी विचारलं, "लाल काय आहे?"

"बी विंग, इंटर्नल प्लास्टर."

"किती दिवस?"

"सात आठवडे, सर."

"मग अजून ठेवलंय कशाला? बदला."

आणि पुढची स्लाइड. एवढंच. मी काही चुकीचं बोलले नाही, आकडे माझे होते आणि ते पक्के होते.

शेवटचं माप मी स्वतः घेतलं. झालेलं काम गुणिले 18. त्यातून दर आठवड्याची खर्ची वजा, सुरुवातीची उचल वजा, सिमेंट जास्त वापरल्याचा डेबिट वजा, 5 टक्के रिटेन्शन वजा. गणित काय झालं असेल ते तुम्हीही करू शकता. मिस्त्रीमागे दिवसाला 1,800 ची हजेरी चढत होती आणि काम व्हायचं 1,080 चं. म्हणजे 720 ची तूट, सहा मिस्त्री म्हणजे 4,320, आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 1 लाख 12 हजार. ही तूट आमच्या शीटमध्ये नव्हती. ती मुकादमाच्या अंगावर होती आणि त्यानं ती गावाकडून व्याजानं पैसे आणून भरली होती. फायनल बिलात त्याच्या हातात 11 हजार पडले.

त्यानं कागद बघितला, अंगठ्यानं आकड्यांवरून रेघ ओढल्यासारखं केलं. म्हणाला, "तुमचं माप बरोबर हाय ताई. मापात खोट न्हाई."

भांडला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी टेम्पो आला. पत्रे, गाद्या, शेगडी, परातीत ठेवलेल्या थाप्या आणि रंधे, लेकरं.

त्या रविवारी मी आप्पांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं ते कंपनीला शिव्या देतील, किंवा असंच करायला पाहिजे होतं म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मुकादमाला किती सुटले?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "हं." आणि आईला फोन दिला.

नवी टोळी आली ती मालद्याची, बंगालची. रेट 23 रुपये, कारण फेब्रुवारीच्या शेवटाला तयार टोळी पाहिजे म्हटलं की ती म्हणेल तो रेट. पहिल्या आठवड्याचा आउटपुट: 0.58.

नवीन जागा आहे, बसू दे, असं सगळे म्हणाले. दुसरा आठवडा, 0.6. तिसरा, 0.62.

आता सांगायला लाज वाटते, पण तोपर्यंत मी बी विंगला सबंध दिवस कधी उभी राहिले नव्हते. माझी साइट संध्याकाळी पाचला सुरू व्हायची, टेप घेऊन. एका मंगळवारी मी सकाळी आठला नवव्या मजल्यावर जाऊन बसले, हातात वही आणि घड्याळ.

आठ वाजता सहाही मिस्त्री हजर. वर सिमेंट आहे, रेती नाही. रेतीचा ढीग ए विंगच्या पुढ्यात, मटेरियल लिफ्टच्या पायाशी. बी विंगची लिफ्ट मागच्या बाजूला. तिथपर्यंत रेती ढकलगाडीनं न्यायची, मग वर पाठवायची. 9:40 ला पहिली खेप आली. तीन खेपांनंतर लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकली. बिगारी बायका सातव्यावरून नवव्यावर डोक्यावर घमेली घेऊन निघाल्या. दोन खोल्यांत इलेक्ट्रिशियन भिंतीला झिऱ्या मारत होता, म्हणजे त्या खोल्या बंद. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर लावायची जाळी एका फ्लॅटला पुरली, दुसऱ्याला नाही. पिण्याचं पाणी फक्त तळमजल्यावर. एक माणूस पाण्याला गेला की 20 मिनिटं. मग कुठे पहिली थापी भिंतीला लागली. दुपारी तर रेती चाळणाऱ्या दोन बायकांनाच कुणीतरी गेटवर ट्रक खाली करायला बोलावून नेलं. संध्याकाळी मी वहीतले आकडे जोडले. आठ तासांत भिंतीवर हात चालू होता तो 4 तास 50 मिनिटं.

त्या 4 तास 50 मिनिटांत ती माणसं ए विंगच्याच वेगानं प्लास्टर करत होती.

मग मी गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर काढलं, त्यात प्रत्येक ट्रकची वेळ असते. लिफ्ट चालवणाऱ्या पोराची वही काढली. निलंग्याची टोळी होती त्या 42 कामाच्या दिवसांत बी विंगची लिफ्ट 19 दिवस अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त बंद होती. दुरुस्तीचं कोटेशन 85 हजारांचं. दोन महिने मंजुरीला पडलेलं. का, तर त्या वर्षीचं मशिनरी मेंटेनन्सचं बजेट संपत आलं होतं आणि तो रकाना लाल होऊ द्यायचा नव्हता.

तो रकाना माझ्याच रिपोर्टमध्ये होता. प्लास्टरच्या दोन पानं आधी. हिरवा.

मी बराच वेळ ती दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून बसले. 85 हजार वाचले. बी विंगचं तोवर 80 हजार चौरस फूट प्लास्टर बाकी होतं, त्यावर फुटाला 5 रुपये जास्त, म्हणजे 4 लाख. टोळी बदलण्यात आणि नवी बसण्यात 17 दिवस गेले. साइट नुसती उघडी ठेवायचा खर्च, म्हणजे स्टाफ, वॉचमन, वीज, भाड्याची यंत्रं, दिवसाला 35 हजारांच्या घरात होता. ते झाले जवळजवळ 6 लाख. पण हे 10 लाख शीटमध्ये एका जागी दिसत नव्हते. 4 लाख 'बाजारभावातील वाढ' या नावाखाली गेले, त्याला कोण काय करणार. 6 लाख 'साइट ओव्हरहेड'मध्ये मुरले. रेरा आल्यापासून, म्हणजे 2017 च्या मे महिन्यापासून, ताबा द्यायची तारीख नोंदवलेली असते आणि उशीर झाला तर फ्लॅट घेणाऱ्याला व्याज द्यावं लागतं. ते तर पुढच्या वर्षीच्या पानावर.

उक्त्या कामाची गंमत ही आहे. माणूस थांबला तर आपलं काही जात नाही, असं कंपनीला वाटतं, कारण थांबण्याची किंमत पहिल्यांदा मुकादम भरतो. त्याची ऐपत संपेपर्यंत भरतो. मग तो जातो, आणि ती किंमत वेगवेगळी नावं घेऊन कंपनीच्या दारात येते. आप्पांचं असं नव्हतं. त्यांच्याकडे माणसं रोजानं होती; गवंडी बसला तर त्याच संध्याकाळी त्यांच्या खिशाला कळायचं. फक्त कशामुळे बसला ते ते लिहून ठेवत नसत. आम्ही सगळं लिहीत होतो आणि आम्हाला कळतच नव्हतं.

त्या दिवसांत मी रात्री फोनवर काहीबाही वाचत बसायचे. फ्रँक गिलब्रेथ नावाच्या अमेरिकन माणसाबद्दल तेव्हाच वाचलं. 1885 साली, सतराव्या वर्षी, हा बॉस्टनमध्ये वीटकाम शिकायला लागला. त्याच्या लक्षात आलं की शिकवणारा प्रत्येक गवंडी वेगळ्याच हालचाली शिकवतो, आणि हळू काम करताना एक पद्धत वापरतो, घाईत दुसरी. पुढे त्यानं वीट लावायच्या 18 हालचाली 5 वर आणल्या. टेलरनं 1911 च्या पुस्तकात आकडा दिलाय, तासाला 120 विटांच्या जागी 350. मॅनेजमेंटवाले हा आकडा फार आवडीनं सांगतात. पण ते जमलं कशानं? गिलब्रेथनं अशी परांची केली जी भिंतीबरोबर वर सरकते, म्हणजे गवंड्याला प्रत्येक विटेसाठी कमरेत वाकावं लागत नाही. विटा आधीच निवडून, नीट बाजू करून, हाताच्या उंचीवर ठेवायला वेगळा माणूस दिला. गवंड्याला त्यानं 'हात चालव' म्हटलं नाही. वीट त्याच्या हाताशी आणली. आमच्याकडे रेती सातव्यावर आणि गवंडी नवव्यावर.

एम्पायर स्टेट बिल्डिंगचंही तेच. 410 दिवसांत उभी राहिली, 1931 च्या 1 मे ला उघडली. मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकून ढकलगाड्यांतून माल फिरवला होता, आणि वेगवेगळ्या मजल्यांवर जेवणाच्या टपऱ्या चालवल्या होत्या, जेवायला म्हणून खाली-वर करण्यात तास जाऊ नये म्हणून. ठेकेदारांना मजुरांचा फार पुळका होता असं मला म्हणायचं नाही. त्यांना मजुराच्या वेळेची किंमत कळत होती, कारण ती त्यांच्या खिशातून जात होती.

मी शीटमध्ये एक रकाना वाढवला. 'थांबा'. किती वेळ आणि कशासाठी: माल, लिफ्ट, पाणी, आधीचं काम बाकी, ड्रॉइंग, इतर. महिनाभर मीच रोज तासभर फिरून भरला, मग सुपरवायझरांकडे दिला.

सुपरवायझरांनी जे केलं त्याचा मला अंदाज यायला हवा होता. 'माल' लिहिलं की स्टोअरवाला चिडतो, 'आधीचं काम' लिहिलं की इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर साहेबांना फोन करतो, 'ड्रॉइंग' लिहिलं तर आर्किटेक्टच अंगावर येतो. मग सगळे 'इतर'मध्ये 'पाऊस' लिहायला लागले. पावसावर कुणी रागावत नाही. एप्रिलमध्ये, 40 अंशांत, आमच्या साइटवर एका आठवड्यात चार दिवस पाऊस पडला.

परचेसचे मॅनेजर एकदा कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही लेबरचा रिपोर्ट लिहिताय की आमचा?" मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

पण आकड्यांना रुपये चिकटवले की ऐकलं जातं. मी थांबलेले तास हजेरीच्या दरानं गुणले, त्यात उशिराचे दिवस घातले, आणि प्रोजेक्ट मॅनेजरांना एकच पान दिलं. लिफ्टचं कोटेशन दोन दिवसांत मंजूर झालं. रेती रात्री यायला लागली, बी विंगच्या मागेच टाकायला लागले. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या मजल्यावर पिण्याच्या पाण्याचे ड्रम आले. इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या पूर्ण झाल्याशिवाय फ्लॅट प्लास्टरला द्यायचा नाही असं ठरलं, आणि दहातल्या सात वेळा ते पाळलंही गेलं. मालद्याची टोळी जूनपर्यंत 0.95 ला पोहोचली. माणसं तीच, थाप्या त्याच.

पिवळा रकाना. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.

पुढच्या महिन्यात हेड ऑफिसहून मेल आला: बी विंगचा आउटपुट सुधारला असल्याने प्लास्टरचा रेट 23 वरून 20 करण्याबाबत बोलणी करावीत.

हा मेल मी तीन वेळा वाचला. आम्ही वाट मोकळी केली, त्यांचे पैसे सुटायला लागले, आणि पैसे सुटायला लागलेत हे कंपनीला माझ्याच शीटवरून कळलं. मी प्रोजेक्ट मॅनेजरांशी भांडले. रेट कमी केला तर टोळी जाईल, पुन्हा 17 दिवस जातील, हा बघा मागचा हिशेब. शेवटी 22 वर ठरलं. मी जिंकले का? एक रुपया माझ्यामुळे गेला आणि दोन रुपये माझ्यामुळे राहिले. ती टोळी मला अजूनही 'दीदी' म्हणून नमस्कार करायची. यातला कुठलाच रुपया त्यांना माहीत नव्हता.

निलंग्याच्या मुकादमाचा फोन आला तो दिवाळीच्या आधी. नंबर सेव्ह होता, नाव बघून छातीत धस्स झालं. मला वाटलं रिटेन्शनचं विचारेल. ते त्यानं विचारलं नाही.

बांधकाम कामगारांसाठी तेव्हा 1996 चा कायदा होता. त्या खाली बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का सेस घ्यायचे आणि तो कल्याणकारी मंडळाकडे जायचा. महाराष्ट्रात हे मंडळ 2011 मध्ये झालं. कामगारानं नोंदणी केली तर मुलांना शिष्यवृत्ती वगैरे मिळते. नोंदणीला अट अशी, की मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला पाहिजे. आमच्या कंपनीनं सेस भरलेला होता, पावती मीच फाइलला लावली होती.

"भावजईची पोरगी अकरावीला हाय," तो म्हणाला. "दाखला लागतोय म्हनत्यात. नव्वद दिवसाचा. आमी तुमच्यात किती दिवस व्हतो, कागद मिळंल का?"

माझ्याकडे त्याच्या टोळीतल्या अठराही जणांची हजेरी होती. दिवसागणिक, नावानिशी. आप्पांच्या डायरीतल्या रेघा, फक्त एक्सेलमध्ये. लाल रकान्याच्या आधीचे महिने धरले, तेव्हा ते ए विंगचं वीटकाम करत होते, तर त्याच्या भावजयीचे 104 दिवस भरत होते.

एचआर म्हणाले, ते आपले कामगार नाहीत, सबकॉन्ट्रॅक्टरचे आहेत, आपण दाखला देऊ शकत नाही. मी म्हटलं, त्यांची हजेरी आपण रोज का घेत होतो मग? ते म्हणाले, कॉस्टिंगसाठी. खरंच होतं ते. नऊ दिवस मी ती फाइल घेऊन फिरले. शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरांनी सही केली, शिक्का मारला, आणि म्हणाले, "एकच. सगळ्यांचे नको."

मी अठरा प्रिंट काढल्या होत्या. त्यांनी एक वरून घेतला, उरलेल्या सतरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पुढची दहा मिनिटं नुसता शिक्क्याचा आवाज.

मुकादमाला फोन केला. कागद कुरिअर करते म्हटलं, पत्ता घेतला, तालुका, पिनकोड. भावजयीचे 104 भरलेत, तुमचे 111, असं एकेक नाव वाचून दाखवत गेले. तो मध्येच म्हणाला, "ताई, एक इचारू का?"

"विचारा ना."

"ह्यात रेतीसाटी बसलेलं दिस धरल्यात का काडून टाकल्यात?"

"धरलेत, मामा. सगळे धरलेत."

"मंग बरं," तो म्हणाला, आणि पुढचं नाव वाचा म्हणाला.